नळी फुंकली सोनारे

सोनारानं नळी फुंकली आणि इकडून तिकडे वारे गेले, ही म्हण आपण वाया गेलेल्या शब्दांसाठी वापरतो. ती रचणाऱ्यानं स्थिर समस्थानिकांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलेलं नसणार. आमच्याकडे वारं नळीच्या इकडून तिकडे सरळ गेलं, तर पेढे वाटावेसे वाटतात. हे वारं हेलियमचं असतं, सिलिंडर महाग असतो आणि वाट चुकायची त्याला हौस असते.

लोकांना फक्त निकाल ठाऊक असतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही मंडळी हवेतला कार्बन एका रीतीनं पकडतात, तर गहू, तांदूळ आणि बहुतेक फुलझाडं दुसऱ्या रीतीनं. म्हणून पहिल्यांचा 'डेल्टा 13 सी' (जड कार्बनचं तुलनात्मक प्रमाण) दर हजारी उणे 12 च्या आसपास येतो, दुसऱ्यांचा उणे 27 च्या. मधात उसाची साखर घातली की आकडा लगेच सरकतो. केसातही हेच उतरतं आणि केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे दौऱ्यावर गेलेले यजमान ज्वारीची भाकरी खात होते की नान चापत होते, हे तत्त्वतः त्यांच्या केसाला विचारता येतं. (हे मी घरी सांगून बसलोय. तेव्हापासून केस कापायला एकटं जाऊ देत नाहीत.) हे सगळं मोजायचं तरी कशाशी ताडून? दक्षिण कॅरोलिनातल्या पी डी खडकस्तरात सापडलेल्या एका बेलेम्नाइट जीवाश्माशी. तो मूळ नमुना कधीच वापरून संपला. संपलेल्या वस्तूला शून्य मानून आम्ही तिसऱ्या दशांशावर भांडतो.

पाहुणे आले की फोटो हे आकडे काढणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरशेजारी काढतात. पण त्याच्या तोंडी जाण्याआधी नमुना पुरता जळावा लागतो आणि तो जळतो जेमतेम दीड फुटाच्या क्वार्ट्झच्या नळीत. कोट्यवधींच्या यंत्राची अब्रू या नळीत असते आणि ती नळी कुणीतरी हातानं भरलेली असते. आमच्या लॅबमध्ये ते कुणीतरी म्हणजे मी.

तळाशी क्वार्ट्झची लोकर, तिच्यावर चांदी चढवलेला कोबाल्ट ऑक्साइड, पुन्हा लोकर, वर हिरवागार क्रोमियम ऑक्साइड, पुन्हा लोकर. क्रोमियम उरलंसुरलं जाळून टाकतो, चांदी गंधक आणि क्लोरीनसारख्या उपद्रवी पाहुण्यांना अडवते. माहितीपुस्तिकेत याचं सुबक चित्र असतं, थरांची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. मात्र सळईनं लोकर किती दाबायची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. जास्त दाबली तर वायू अडतो, दाब चढतो आणि आलेखावरची शिखरं पसरट होतात. कमी दाबली तर दाणे खाली घसरतात, मध्ये बीळ पडतं आणि वायू त्यातून न जळताच सटकतो. हे ज्ञान गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याकडे असतं तसं, फक्त बोटांत असतं. आमच्या लॅबमधले काका निवृत्तीच्या आधी मला एवढंच म्हणाले, "साहेब, सळई स्वतःच्या वजनानं जाईल तेवढंच. आपण जोर लावायचा नाही." पीएचडीच्या सबंध अभ्यासक्रमात इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नव्हतं.

हे सगळं मास्क आणि हातमोजे घालून. लोकरीचे तंतू कातडीत शिरले तर संध्याकाळपर्यंत खाजवत बसावं लागतं, क्रोमियम आणि कोबाल्टची धूळ तर नाकात जाताच कामा नये. क्वार्ट्झला उघडं बोटही लागलेलं चालत नाही. बोटाच्या घामातल्या क्षारांमुळे काच भट्टीत पांढुरकी पडते आणि तडकते. नव्या सुनेनंही इतकं सोवळं पाळलं नसेल.

मग भट्टी हजार अंशांच्या वर न्यायची. टिनच्या चिमुकल्या पुडीत बांधलेला मिलिग्रॅमभर नमुना वरून पडतो, त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत येतो. टिन स्वतः भडकतं आणि क्षणभर तापमान 1800 अंशांपर्यंत जातं. झरोक्यातून तो लखलखाट दिसला की बरं वाटतं. तो मंदावला, तर समजायचं की राख साठली. शे-दीडशे नमुन्यांनंतर राख उपसावीच लागते.

पुढची नळी तांब्याची, 650 अंशांची. उरलेला ऑक्सिजन गिळायचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पुन्हा साधा नायट्रोजन करायचं, हे तिचं काम. लखलखीत तांबं वरून खाली काळं पडत जातं. काळेपणा तळाच्या जवळ आला की नळी बदलायची, नाहीतर नायट्रोजनचे आकडे बिघडतात. बजेटच्या बैठकीत मात्र "अजून थोडं तांबं दिसतंय ना?" असा प्रश्न विचारणारा कुणीतरी असतोच.

खरा शत्रू हवा. ओ-रिंग किंचित कलली की बाहेरची हवा आत घुसते. तिची चुगली आर्गॉन करतो. नमुन्यात त्याचं काही काम नसतं, त्यामुळे वस्तुमान 40 वर तो हललेला दिसला की नळी पुन्हा खोलायची, तीही शुक्रवारी संध्याकाळी. गळती इतर वारी होत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

नमुने पाठवणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती. नमुना नीट वाळवा, बारीक दळा, पावसाळ्यात उघडा ठेवू नका. आम्लानं धुतलेली माती टिनमध्ये बांधू नका. आम्ल टिन खातं, अशा मातीला चांदीची पुडी लागते. आणि सोमवारी सकाळी फोन करून "रिझल्ट आले का?" असं विचारू नका. सोमवारी आम्ही नळी भरत असतो.