तिसरी शिट्टी

आमच्या साडूंना बँकेतून निवृत्त झाल्यावर कंठ फुटला. नोकरीत असताना त्यांचा आवाज 'पलीकडच्या खिडकीवर जा' एवढ्यापुरताच ऐकू यायचा. आता त्यांनी गुरू केला, पेटी घेतली आणि यंदा सोसायटीच्या दिवाळी पहाटेत साडेपाच वाजता तोडी गायला घेतला. तोडीची वेळ व्हायला तीन-चार तास होते, पण तोवर फराळ संपून माणसं उठली असती.

पन्नासेक श्रोते होते. अंगाला उटण्याचा वास, मांडीवर चकलीची बशी. मी पहिल्या रांगेत. साडू म्हटल्यावर मागे बसायची सोय नसते. दाद द्यायची कामगिरीही बायकोने माझ्यावरच सोपवली होती. मधेच एका जागी मी 'वा!' म्हणून टाकलं. सम अजून लांब होती, हे तबलजीच्या चेहऱ्यावरून कळलं.

कार्यक्रमाचं रीतसर लाइव्ह रेकॉर्डिंग झालं. गाण्याला एक माइक, पेटीला एक, तबल्याला दोन. ते न्यू जर्सीच्या व्याह्यांना पाठवायचं होतं. "पाठवण्याआधी जरा हात फिरवून घेऊ," साडू म्हणाले. "तुम्ही चला बरोबर. तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही, तेवढाच मला आधार."

स्टुडिओ म्हणजे जुन्या इमारतीतली एक आतली खोली होती. पंचविशीचा मुलगा, गळ्यात उपरण्यासारखा हेडफोन. त्याने गाणं उघडलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा साडूंचं गाणं दिसलं. आडव्या रेघा आणि त्यांच्यावर केशरी शेंगा. प्रत्येक शेंग म्हणजे एक सूर. शेंग रेघेवर बसली की सुरात. साडूंच्या बऱ्याचशा शेंगा दोन रेघांच्या मधे, लोकलच्या दारात लटकल्यासारख्या.

"काळी एक ना, काका?" मुलाने विचारलं आणि बटण दाबलं. पीटीच्या तासाला 'सावधान' म्हटल्यावर पोरं जशी उभी राहतात तशा सगळ्या शेंगा आपापल्या रेघेवर. तीन महिने पहाटे उठून जे जमलं नाही ते तीन सेकंदांत जमलं. यावर खूश व्हावं की रागवावं, हे साडूंना ठरवता येईना.

या जादूचं मूळ तेलात आहे. वाळू रगडून तेल काढायची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तेलाच्या शोधातून सूर काढला. जमिनीत लहरी सोडून खाली तेल कुठे आहे हे हुडकायचं त्यांचं गणित. तेच त्यांनी गळ्याला लावलं आणि १९९७ साली 'ऑटो-ट्यून' बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात तो यंत्रासारखा तुटक आवाज जगाने ऐकला. हे कसं केलं म्हणून विचारल्यावर तिच्या निर्मात्यांनी भलत्याच यंत्राचं नाव सांगितलं. निदान लपवावंसं तरी वाटलं. केशरी शेंगांचं 'मेलोडाइन' म्युनिकहून आलं, आणि ते तर लपूनच बसतं. ऐकून कळू नये हाच त्याचा मोठेपणा.

सुधारलेला तोडी साडूंनी गुरुजींना फोनवर ऐकवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग गुरुजी म्हणाले, "सगळ्या गाण्यात तुमचा एक गंधार तेवढा जागेवर लागला होता. तो कुठे गेला?"

झालं होतं असं, की तोडीचा गंधार अतिकोमल. पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित खाली, तिथे तो राहतो. साडूंचा तो चुकून बरोबर तिथेच लागला होता. यंत्राला बारा रेघा ठाऊक. त्याने सबंध तोडीतला तेवढा एकच खरा सूर बेशिस्त ठरवून वर ओढला. मींडेचंही तेच. मींड ही घसरगुंडी. यंत्राने तिला पायऱ्या पाडल्या. गंमत अशी, की मींड काढता येत नाही आणि श्रुती दाखवता येत नाहीत या गुन्ह्यासाठी आपल्या रेडिओने १९४० साली पेटीला हद्दपार केलं होतं. पुढची तीसेक वर्षं बिचारी आकाशवाणीच्या बाहेर बसून होती. आता गळ्याचीच पेटी करून मिळते, ताशी दराने.

गुरुजींना आणखीही काही ऐकू येत होतं. "तुमच्या मागून कोण गातंय हो? हळू आवाजात, बेसूर?"

मागून साडूच गात होते. माइक काही सोवळं पाळत नाही. गाणाऱ्याचा आवाज तबल्याच्या माइकातही शिरतो. पुढून सुधारलेले साडू आणि तबल्याआडून मूळचे साडू, अशी जुगलबंदी चालली होती. मुलगा म्हणाला, "काका, तबला नव्याने वाजवून घ्यावा लागेल." तबलजी आला, कानात क्लिक घेऊन वाजवून गेला. पेटीच्या माइकातही साडू दबा धरून होतेच, म्हणून पेटीही नवी झाली. नवा तबला इतका सरळ चालला, की त्याच्यापुढे जुनं गाणं लंगडायला लागलं. शेवटी गाणंच पुन्हा घेतलं. एसीत, खुर्चीवर बसून, एकेक ओळ करून. एका तानेला अकरा तुकडे लागले. साडूंनी एक मुदत ठेव मोडली.

"पण मग याला लाइव्ह म्हणायचं का?" मी विचारलं.

मुलाने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "काका, मोठे मोठे हेच करतात." आणि त्याने पाढा वाचला. जुडास प्रीस्ट या इंग्रज बँडचा १९७९चा टोकियोतला 'अनलीश्ड इन द ईस्ट'. गायकाने पुढे स्टुडिओत नव्याने गाऊन घेतलं आणि चाहत्यांनी अल्बमचं बारसं पुन्हा केलं, 'अनलीश्ड इन द स्टुडिओ'. 'ईगल्स लाइव्ह' १९८०चा. तोवर मंडळींची एकमेकांची तोंडं बघायची तयारी नव्हती. एक जण लॉस एंजेलिसमध्ये, बाकीचे मायामीत, आणि एकत्र गायलेल्या ओळींची डागडुजी कुरियरने. आपल्याकडे भाऊबंदकीत हिस्सेवाटणी अशी होते. त्यांनी सुरावट केली. रोलिंग स्टोन्सनी तर १९६६ साली स्टुडिओतली दोन गाणी घेऊन त्यांच्यावर किंकाळ्या शिंपडल्या आणि लाइव्ह म्हणून वाढली.

मला त्यातला जॉनी कॅश आवडला. १९६८ साली तो फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायला. त्या रेकॉर्डमध्ये खुनाच्या ओळीवर कैदी आरोळी ठोकतात आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ती आरोळी मागाहून चिकटवलेली आहे. पहारेकऱ्यांच्या देखत खुनाला दाद द्यायला कैदी काय वेडे होते? आमच्या सोसायटीचे लोकही सेक्रेटरीसमोर असेच जपून टाळ्या वाजवतात.

आणि आमच्याही टाळ्यांची वेळ आलीच. मूळच्या टाळ्या पातळ होत्या, कारण एका हातात चकली होती. मुलाने संगणकातून एका भरलेल्या सभागृहाच्या टाळ्या काढल्या. त्या कुणाच्या, कुठल्या गाण्याला पडलेल्या, देव जाणे. माझा 'वा!' मात्र त्याने ठेवला, फक्त उचलून समेवर आणला. आता मी रेकॉर्डिंगमध्ये फार जाणकार वाटतो. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू? मी तो दोनदा वाजवायला लावला.

सगळं जमल्यावर साडू म्हणाले, "छान झालंय, पण लाइव्ह वाटत नाही." मुलाने मान डोलावली. मूळ ट्रॅकमध्ये बी विंगच्या कुकरची शिट्टी आली होती, एका आलापाच्या ऐन मधोमध. ती पुसून टाकली होती. त्याने ती परत आणली, एकदा सुरुवातीला, एकदा मधे आणि एकदा शेवटच्या टाळ्यांच्या आधी. "शिट्टीला ट्यूनिंग नको," तो म्हणाला. "सुरात आहे."

'दिवाळी पहाट लाइव्ह फायनल फायनल २' या नावाने ती फाइल न्यू जर्सीला गेली आणि सोसायटीच्या ग्रुपवरही पडली. कौतुकाचा पाऊस. पुढच्या वर्षीही साडूच, आणि 'अगदी रेकॉर्डिंगसारखंच गायचं' अशी कमिटीची अट. साडू हल्ली हेडफोन लावून स्वतःची नक्कल घोटत असतात.

फक्त बी विंगच्या मावशींचं समाधान झालेलं नाही. परवा जिन्यात त्यांनी मला अडवलं. "अहो, भाजीच्या बटाट्यांना मी दोनच शिट्ट्या देते. त्यातली एक तर गाणं सुरू व्हायच्या आधीच झाली होती. मग या तीन कुणाच्या?"