दिवाळीत कुठे जावे : एक सशास्त्र नियमावली

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न मराठी घरात गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चर्चेला येतो आणि कोजागरीला दुधाबरोबर आटतो. तोवर रेल्वेची आरक्षणे संपलेली असतात. अशा वेळी कर्त्या माणसाने भावनेच्या भरात केरळ किंवा राजस्थान उच्चारू नये, या हेतूने पुढील नियम करण्यात येत आहेत. ज्यांचे तिकीट कंपनी काढते आणि ज्यांच्या मुलीचे घर सिंगापुरात आहे, त्यांना सूट आहे.

नियम पहिला : हवा

शरद ऋतूत उबदार जागा शोधणे हा मुळात युरोपातल्या लोकांचा उद्योग. तिकडे ऑक्टोबरात सूर्य रजेवर जातो. आपल्याकडे तो ओव्हरटाइम करतो. तरीही प्रत्येक घरात दोन पक्ष असतातच. एक म्हणतो, ‘जरा गार हवेत जाऊ या.’ दुसरा पक्ष गुडघ्यांच्या वतीने बोलतो. दोघांचेही समाधान करील असे ठिकाण माळव्यात आहे. धार आणि देवास ही दोन्ही गावे पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. दिवाळीच्या सुमारास दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो आणि रात्री कपाटातली शाल बाहेर निघते. कानटोपी उगीच आणली, असे कोणालाही म्हणता येत नाही.

साक्षीदार म्हणून बादशहा जहांगीर हजर आहे. धारजवळच्या मांडूत तो १६१७च्या मार्चमध्ये आला, पावसाळा तिथेच काढला आणि रात्री पांघरुणाशिवाय निभत नाही, अशी हवेची तारीफ आपल्या आठवणींत लिहून ठेवली. मात्र त्याने मुक्काम हलवला तो ऑक्टोबरात, म्हणजे आपण ज्या सुमारास पोचतो त्याच सुमारास. हा तपशील घरच्या बैठकीत सांगू नये.

नियम दुसरा : कारण

‘सहज फिरायला’ हे कारण मराठी कुटुंबात ग्राह्य धरले जात नाही. प्रवासाला निमित्त लागते. या बाबतीत धार-देवासची परंपरा भक्कम आहे. इथे येऊन इतिहासात नाव मिळवलेल्यांपैकी फारच थोडे निव्वळ गाव बघायला आले होते.

राघोबादादांचे उदाहरण घ्या. बारभाईंनी पाठ धरली तेव्हा त्यांनी गरोदर आनंदीबाईंना पवारांच्या भरवशावर धारच्या किल्ल्यात ठेवले. १७७५च्या जानेवारीत तिथेच दुसरे बाजीराव जन्मले. पुढे १८१८नंतर वर्षाला आठ लाख पेन्शन घेऊन ते बिठूरला राहिले, ते १८५१पर्यंत. इतकी लांब भरपगारी सुट्टी मराठी माणसाला त्यानंतर मिळालेली नाही.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासला आले ते नोकरीनिमित्त, महाराजांचे खाजगी सचिव म्हणून. दरबारचे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळता सांभाळता त्यांनी राजवाड्यातली गोकुळाष्टमी पाहिली आणि १९२४च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात ती वापरून टाकली. ज्यांच्या कचेरीत कामाचा निकाल लागत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

कुमार गंधर्वांचे कारण तर वैद्यकीय होते. क्षयाने फुप्फुस धरलेले, डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितलेले. त्या सल्ल्यावरून ते १९४८ साली देवासला आले. पहिली काही वर्षे गाणे पूर्ण बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानांवर पडत राहिली ती रस्त्याने जाणाऱ्या बायकांची, भजन्यांची आणि लग्नघरांची माळवी गाणी. त्यातून पुढे माळव्याच्या लोकधुनांचा अभ्यास झाला, नवे राग झाले, आणि वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंचे स्वतंत्र कार्यक्रम झाले. हवापालट म्हणून सुरू झालेला हा मुक्काम १९९२मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालला. आपली सुट्टी पाच दिवसांचीच असली तरी पद्धत तीच ठेवावी: गावात गेल्यावर पहिला दिवस काही न करता नुसते पडून राहावे. ‘एवढे पैसे घालून झोपायला आलात?’ असे कोणी विचारलेच, तर कुमारांचे नाव सांगावे.

नियम तिसरा : कुटुंबातील मतभेद

दोन भाऊ, दोन जावा आणि एक मोठी गाडी असा बेत असेल तर देवासला पर्याय नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या बंधूंनी १७२८च्या सुमारास इथे सत्ता वाटून घेतली आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचे राज्य, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. पाण्याची आणि दिव्यांची सोयसुद्धा वेगवेगळी. ही व्यवस्था १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. ‘एसी चोवीसवर की सत्तावीसवर’ या प्रश्नावरून ज्यांच्या सहली मोडतात, त्यांनी त्या रस्त्यावरून जोडीने चालून यावे.

माताजीच्या टेकडीवरही हीच रीत: तुळजाभवानी ही मोठी माता, चामुंडा ही छोटी माता, आणि लोक दोघींना बहिणी मानतात. दर्शन दोघींचे घ्यावे. एकीचेच घेऊन उतरलेल्या माणसाला घरच्या दोन्ही वहिनी काय ते सांगतील. गुडघ्यांच्या पक्षासाठी रोप-वे आहे. नवरात्रात मात्र टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दिवाळीच बरी.

नियम चौथा : खर्च

देवासला सरकारी बँक नोट प्रेस आहे. नोटा तिथे छापतात, पर्यटकांना वाटत नाहीत. तेव्हा अंदाजपत्रक घरूनच करून न्यावे.

ते न केल्यास काय होते, हे थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव सांगू शकले असते. हौस दांडगी, खजिना रिकामा, राज्य कर्जात आणि इंग्रज सरकार चौकशीच्या पवित्र्यात. अशा वेळी महाराजांनी उबदार, समुद्रकाठचे आणि मुख्य म्हणजे फ्रेंचांच्या ताब्यातले ठिकाण निवडले: पाँडिचेरी. ठिकाण कसे निवडावे, याचा इतका विचारपूर्वक नमुना दुसरा सापडणार नाही. एकच उणीव राहिली. परतीचे तिकीट नव्हते. १९३७मध्ये ते तिथेच वारले. गृहकर्जाचे हप्ते थकवून निघणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

राहण्याचा खर्च वाचवण्यासाठी इंदूरची आत्या वापरण्याची पूर्वापार प्रथा आहे. देवास इंदूरहून तासाभरावर, धार दीड-दोन तासांवर. त्यामुळे आत्या मोक्याच्या जागी पडते. पण तिला न कळवता हॉटेलात उतरल्यास फोन येतो: ‘काय रे, आम्ही मेलो काय?’ या प्रश्नाला आजवर कोणालाही उत्तर सुचलेले नाही.

नियम पाचवा : पाहणी

धारला जाणाऱ्याने आधी लाट मशिदीपाशी जावे. तिथे एक प्रचंड लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. तो राजा भोजाच्या काळचा मानतात. अखंड असता तर दिल्लीच्या लोहस्तंभापेक्षा उंच भरला असता. इतके लोखंड अकराव्या शतकात कोणी आणि कसे घडवले, याचा विचार करत तुकड्यांभोवती एक फेरी मारावी. स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांशी बोलताना ‘कुठे राजा भोज अन् कुठे गंगू तेली’ ही म्हण वापरायची असेल, तर भोजाची राजधानी पाहून आलेल्या माणसाला तो अधिकार आपोआप मिळतो.

तिथून मांडू पस्तीसेक किलोमीटर. जहाज महाल, रूपमतीचा मंडप वगैरे गाइड दाखवतोच. आपण होशंगशाहच्या संगमरवरी कबरीपाशी थांबावे. शाहजहानचे वास्तुकार इथे येऊन गेल्याचा शिलालेख दारावर आहे. त्यावरून ‘ताजमहाल इथे पाहून बांधला’ असे ठासून सांगितले जाते. शिलालेख १६५९चा आणि ताजमहालाचे काम त्याआधीच आटोपलेले. काम झाल्यावर काढलेला सरकारी अभ्यासदौरा, एवढाच त्याचा अर्थ लागतो. गाइडला मात्र हे सांगू नये. त्याचा दिवस चांगला चाललेला असतो.

नियम सहावा : खाणे

इथे नियमावली थोडी सैल होते. मांडूचा सुलतान गियासुद्दीन खिलजी याने राज्यकारभार मुलावर सोपवून चैनीला वाहून घेतले आणि ‘निमतनामा’ नावाचे पाककृतींचे पुस्तक तयार करवले. त्यात सामोशांच्या कृतींना कमी नाही. तेव्हा या मुलखात पथ्य पाळणे हा स्थानिक परंपरेचा अवमान समजावा. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी दाल-बाफले. थंडीची पहिली झुळूक आली की गाड्यांवर गराडू दिसू लागतो: कंदाच्या फोडी कढईत एकदा तळून ठेवलेल्या, गिऱ्हाईक आले की पुन्हा कुरकुरीत करून वर लिंबू आणि जीरावन.

मांडूच्या रस्त्यावर खुरासानी चिंच विकायला बसतात. हे आफ्रिकेतले गोरखचिंचेचे झाड. खोड असे फुगलेले की फांद्या नंतर आठवण झाल्यावर लावल्यासारख्या दिसतात. फळावर मखमली लव, आत लाकडासारखे कवच. विकणारी बाई ते दगडावर आपटून फोडते. आत पांढरे, खडूसारखे कोरडे तुकडे दोऱ्यांत अडकलेले असतात. एक तोंडात टाकावा आणि चावू नये. विरघळला की आंबट, आणि शेवटी काळी बी उरते. मुलांना हे फळ राजवाड्यांपेक्षा जास्त लक्षात राहते. शेजारी सीताफळांचे ढीग असतात. ती गाडीत पिकतात, म्हणून बॅगेत कपड्यांच्या वर ठेवावीत.

नियम सातवा : परतल्यानंतर

सोसायटीच्या दिवाळी फराळात लोक विचारतात, ‘कुठे जाऊन आलात?’ मनालीवाले, दुबईवाले यांचे सांगून झालेले असते. आपण ‘धार-देवास’ म्हणताच क्षणभर शांतता पसरते आणि कोणीतरी सहानुभूतीने विचारतो, ‘कामानिमित्त का?’

इथे स्पष्टीकरण देत बसू नये. राघोबादादा, फॉर्स्टर, कुमार, सगळे कामानिमित्तच गेले होते. ‘हो’ म्हणावे, आणि ‘तिथे बघण्यासारखे तसे काही नाही’ एवढे पुढे जोडावे. मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसचे पुढच्या वर्षीचे आरक्षण आपल्यालाही करायचे आहे.