थेंबे थेंबे तळे साचे यांस

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आमच्या पतसंस्थेच्या शटरवर काल नोटीस लागली: अवसायक नेमला आहे, ठेवीदारांनी मूळ पावत्यांसह दावे दाखल करावेत. नोटिशीच्या बरोब्बर वर, लाल ऑइलपेंटमध्ये, आपण अजून विराजमान आहात. म्हणून थेट आपल्यालाच लिहिते.

माझी आई मंडईत भाजी विकते. माल खपो की सडो, संध्याकाळच्या पिग्मीचे पन्नास रुपये ती आधी कनवटीला लावायची. (ही पिग्मी 1928 साली उडुपीच्या ज्या पेढीने दोन-दोन आणे गोळा करत सुरू केली, तिची पुढे सिंडिकेट बँक झाली. आमच्या पेढीचे शटर झाले.) पिग्मीवाल्याच्या मशिनमधून निघालेली चिटोरी आईने रबरबँड लावून पिठाच्या डब्यामागे जपली. काल उलगडली, तर बहुतेकांवरची अक्षरे उडालेली. कोरे कागद! हेच म्हणे मूळ पावती म्हणून अवसायकापुढे ठेवायचे.

तुम्ही खोटे बोलला असतात तर बरे झाले असते. तळे साचले होते हो! पण 'तळे राखी तो पाणी चाखी' ही तुमच्याच घरातली ना? तिला का नाही रंगवले शटरवर? आणि इथे नुसते चाखण्यावर भागले नाही. मेहुण्या-पाहुण्यांच्या नावावर कर्जे उचलून संचालकांनी तळाचा गाळसुद्धा नेला. हरामखोर!

बाकीच्यांचे थोडक्यात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही नक्की कुणा कर्जबुडव्यानेच रचली असणार. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' तेवढी खरी निघाली. अध्यक्षांची गाडी कालही गल्लीतून गेली, शिव्या खाल्ल्या पिग्मीवाल्या पोराने. त्याच्या आईचेही पैसे तिथेच अडकलेत.

तुम्हाला तरी किती बोलू? तुम्हाला न विचारता त्यांनी शटरवर चढवले, आम्हाला न विचारता आमचे पैसे वाटले. तुमचीही अब्रू आमच्याबरोबरच गेली.

तेव्हा एकच करा. यापुढे कुठल्याही पतसंस्थेच्या भिंतीवर चढण्याआधी आपल्याखाली, आपल्याएवढ्याच ठसठशीत अक्षरांत, एवढे लिहून घ्या: बँक बुडाली तर 2020 पासून ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही.

आपली,
एका ठेवीदाराची मुलगी