पाणी आत नेता येणार नाही

गेल्या हिवाळ्यात भाच्याने मला एका संगीत महोत्सवाला नेलं. तिकिटं त्याने काढली, पैसे मी दिले. आमच्या घरात याला ‘मामाला फिरवून आणणे’ म्हणतात. मैदान शहराबाहेरचं, एरवी लग्नं आणि प्रचारसभा जिथे होतात ते.

फाटकावरच्या धिप्पाड बाउन्सरने माझी पिशवी टेबलावर उलटी केली. रुमाल, चष्म्याचं घर, शेंगदाण्याची चिक्की, मधुमेहाच्या गोळ्या आणि पाण्याची स्टीलची बाटली. गोळ्या आणि चिक्की एकाच पिशवीत पाहून त्याला माझी दया आली असावी, कारण दोन्ही वस्तू त्याने मुकाट्याने परत केल्या. मग बाटली उचलली.

“काका, ही आत चालणार नाही.”

“अरे, पाणी आहे नुसतं.”

“म्हणूनच. आत पाणी विकायला ठेवलंय.”

त्याच्या मागे जप्त बाटल्यांचा ढीग होता. गणपतीत निर्माल्याचा असतो तसा. माझी बाटली त्यात गेली आणि आम्ही कायद्याने वागणाऱ्या परिसरात प्रवेश केला.

पुढे वयाचं टेबल होतं. व्यवस्था चोख. पंचवीस पूर्ण असतील तर मनगटाला हिरवी पट्टी, एकवीस ते पंचवीस पिवळी, त्याखाली लाल. हिरवीला सगळं, पिवळीला सौम्य बिअर आणि वाईन, लालला सरबत. पट्ट्या बांधणारा मुलगा स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेल. आमच्या पुढच्या पोराला मिसरूड फुटायचं होतं. पट्टीवाल्याने विचारलं, “वय?” पोरगा म्हणाला, “पंचवीस.” हिरवी पट्टी. मग आमचा भाचा. याचं बारसं एकोणीस वर्षांपूर्वी झालं, पाळण्याची दोरी मीच धरली होती. तोही म्हणाला, “पंचवीस.” मी घसा खाकरला. माझा निषेध तेवढाच. हिरवी पट्टी.

मग माझी पाळी.

“काका, वय?”

“एकोणसाठ.”

“प्रूफ?”

मी त्याला माझं डोकं दाखवलं. तो हलला नाही. “दर दहाव्या माणसाचं ओळखपत्र बघायचं, असं सरांनी सांगितलंय. तुम्ही दहावे.” मी आधार कार्ड काढलं. त्याने ते माझ्या गालाशी धरायला लावून आम्हा दोघांचा फोटो काढला. अहवालाला लागतो म्हणे. अल्पवयीनांना मद्यविक्री होऊ नये म्हणून किती कसोशीने तपासणी झाली, याचा पुरावा म्हणून माझं टक्कल आज कुठल्या तरी फायलीत आहे.

आत गेल्यावर भलामोठा फलक दिसला: पंचवीस वर्षांखालील व्यक्तींना मद्यविक्री केली जाणार नाही. उजेड छान पडला होता, म्हणून तरुण मंडळी त्याच्यासमोर ग्लास उंच धरून सेल्फी काढत होती. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत बाल न्याय कायद्याचं कलम ७७ होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण ती ओळ पेव्हर ब्लॉकपासून वीतभर उंचीवर असल्याने वाचायला आडवं पडावं लागत होतं. नंतर नंतर तसे वाचक मिळाले.

इथे आपल्या राज्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्यायला बसलेल्यांना ती सहसा माहीत नसते. महाराष्ट्रात दारूबंदी आहे. थट्टा नाही. १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदाच आजही ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने लागू आहे. त्यात पिणारा प्रत्येक माणूस हा अपवाद, आणि अपवादाला परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द आला तो इथूनच. आजीवन परवाना एक हजार रुपयांना, वर्षाचा शंभराला आणि एका दिवसाचा पाच रुपयांना. देशी पिणार असाल तर दोन. परवाना मिळतो तो प्रकृतिस्वास्थ्यासाठी. म्हणजे त्या मैदानावर कागदोपत्री हजारो आजारी माणसं औषधाला जमली होती.

काउंटरवर मी त्या पाच रुपयांच्या परवान्याची चौकशी केली. पोऱ्याने भिजलेल्या ग्लासाखालून एक पुस्तक ओढून काढलं. पानं कोरी होती, पण बिअरने फुगली होती. दारूबंदीच्या राज्यात निदान कागद तरी नियमाने पीत होता.

भाच्याने आणलेल्या बिअरकडे बघत मी त्याला वयाचं गणित समजावलं. “तू एकोणीसचा. राज्य कोणी चालवायचं ते तू ठरवू शकतोस, ग्लासात काय ओतायचं ते नाही. एकविसाव्या वर्षी सौम्य बिअर मिळते आणि नगरसेवकाची उमेदवारीही. पंचविसाव्या वर्षी व्हिस्की आणि आमदारकी. कायद्याने दोन्हींची सांगड बरोबर घातली आहे. जितकी नशा कडक, तितकं वय जास्त.”

“आणि तिशीला, मामा?”

“तिशीला विधान परिषद. त्याला प्यावं लागत नाही. निवडून यायचा त्रास कमी असतो.”

मग मी तपासाला निघालो. आयोजकांचा माणूस म्हणाला, आम्ही फक्त कार्यक्रम करतो, विक्री ठेकेदाराकडे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आम्ही पट्टी बघतो, वय नाही. पट्टीवाला म्हणाला, मी तोंडी विचारतो, आधार फाटकावर बघतात. फाटकावरचा म्हणाला, मी मोबाइलमधला फोटो बघतो, आणि फोटोत सगळे २००० सालाच्या आसपास जन्मलेले असतात. जन्मसालातल्या सातचा एक करायला फार कलाकुसर लागत नाही. शिवाय प्रत्येक घोळक्यात एक खराखुरा सव्वीस वर्षांचा दादा होता. एका माणसाला एका वेळी दोनच ग्लास, असा नियम. दादा चार काउंटरांवर जाऊन नियम चार वेळा पाळत होता. खपावर टक्का कोणाला मिळतो, हे मी विचारलं. तेव्हा मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

आपल्याकडे दारूला दोनच अवस्था असतात. बंद किंवा वाहती. दोन ऑक्टोबरला दुकान बंद, म्हणून एक तारखेला वाईन शॉपपुढे रेशनच्या रांगेला लाजवेल अशी रांग. अनंत चतुर्दशीला शहर कोरडं, मिरवणुकीतली पावलं मात्र ओली. आणि थर्टी फर्स्टला सरकारच पहाटे पाचपर्यंत बार उघडे ठेवायला परवानगी देतं, कारण नवीन वर्षाला झोपेत गाठणं अशुभ. नोव्हेंबर २०२४मध्ये पुण्यात, कोथरूडला, दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमात मद्य द्यायचा परवाना ऐनवेळी रद्द झाला. कार्यक्रम झाला, लोक गायले, नाचले, घरी गेले. तहानेने कोणी दगावल्याचं ऐकिवात नाही. पण शहराने त्यातून एवढाच धडा घेतला की बंद करता येतं. मधोमध उभं राहून ‘बाळ, तुझं वय किती?’ असं विचारायचं, ही तिसरी अवस्था आपल्या नियमावलीत आहे, अंगवळणी नाही.

ती नसली की काय होतं, तेही याच शहराने पाहिलं आहे. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी मित्रांबरोबर बारमध्ये दारू प्यायला बसला होता, असं पोलिसांचं म्हणणं. जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या तीनशे शब्दांवर सारा देश चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. पण त्या रात्री ऑर्डर घेणाऱ्याला एकच शब्द उच्चारायचा होता. “वय?” त्या एका शब्दावर कोणी तीनशे शब्द लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही नाही. मी घसा खाकरणाऱ्यांपैकी.

उपाय आहेत. मोबाइलमधला फोटो न बघता हातात कार्ड घेऊन बघायचं. काउंटरवरच्या माणसाचा पगार खपावर ठेवायचा नाही, म्हणजे ‘नाही’ म्हणताना त्याचा खिसा दुखणार नाही. शेवटचा तासभर विक्री थांबवायची. पाणी फुकट ठेवायचं. यातल्या कशालाही मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही, उद्‌घाटन करता येत नाही आणि फलकावर कोणाचा फोटो लावता येत नाही. तेव्हा हे होण्याची शक्यता तुम्हीच ताडा.

दहा वाजता ध्वनिक्षेपक थांबले, दुकानं मिटली आणि सगळं मैदान एकदम फाटकाकडे लोटलं. बाहेर दुभाजकाला टेकून एक पोरगा बसला होता. वयाच्या टेबलावर आमच्या पुढे होता तोच, मिसरूड न फुटलेला. मनगटावर हिरवी पट्टी, सदरा ओकारीने भरलेला. त्याचे मित्र पाणी मागत सैरावैरा फिरत होते. शंभर रुपयांच्या बाटल्या विकणारे निघून गेले होते.

बाउन्सर पुढे आला. त्याने ढिगात हात घालून हाताला लागेल ती बाटली काढली. माझीच स्टीलची. झाकण उघडलं, पोराची मान आपल्या हातावर घेतली आणि त्याला घोट घोट पाजलं. पाणी पोटात राहतंय असं दिसल्यावर वाकून हळूच विचारलं, “वय किती रे तुझं?”

“सतरा,” पोरगा म्हणाला.

भाचा माझ्या शेजारी उभा होता. त्याने हात खिशात घातला. पट्टी त्याच हाताला होती. बाटली परत मागायचा मला धीर झाला नाही.