थांबण्याची हौस

वेगाची हौस समजू शकते. थांबण्याचीही हौस असते आणि तिला एका छोट्या मोटारीएवढे पैसे पडतात, हे मात्र भोसरी-निगडीकडच्या माणसाच्या गळी उतरत नाही. अमेरिकेत पोर्शे 911 घेताना सिरॅमिक ब्रेक हवे असतील तर हजारो डॉलर वेगळे मोजावे लागतात. म्हणजे आपल्याकडची एक वॅगनआर. ती वॅगनआरसुद्धा थांबतेच की, आणि वर चार माणसं घेऊन थांबते.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ब्रेकची डिस्क म्हणजे बीड. बीड ओतायचं, लेथवर टर्निंग करायचं, भोकं पाडायची, की झाली डिस्क. रात्री पाऊस पडला तर सकाळी तिच्यावर तांबूस गंज चढलेला असतो, आजीच्या बिडाच्या तव्यावर चढायचा तसाच. दोन-तीनदा ब्रेक दाबले की खरवडून निघतो. मिस्त्री त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सिरॅमिक डिस्कचा थाट वेगळा. कार्बनच्या तंतूंचे तुकडे राळेत कालवून साच्यात दाबायचे, भट्टीत घालून त्यांचा निव्वळ कोळसा करायचा आणि मग 1414 अंशांना वितळणारं सिलिकॉन त्यात मुरवायचं. सिलिकॉन आणि कार्बन मिळून जे तयार होतं ते इतकं कठीण, की घासायला हिऱ्याची हत्यारं लागतात. हे सगळं व्हायला काही आठवडे जातात. पोर्शेने 2001 मध्ये 911 जीटी2 ला असे ब्रेक दिले आणि लोकांना लांबून कळावं म्हणून त्यांचे कॅलिपर पिवळेधमक रंगवले. एवढा खर्च केल्यावर तो शेजाऱ्याला दिसायला नको का?

फायदे खरे आहेत, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. तेवढ्याच मापाच्या बिडाच्या डिस्कपेक्षा वजन निम्मं, त्यामुळे चाक हलकं आणि स्टिअरिंग चपळ. वेग दुप्पट झाला की थांबवताना निघणारी उष्णता चौपट होते. दोनशेच्या वेगातून पुन्हापुन्हा करकचून ब्रेक मारले तर बिडाचे ब्रेक आणि त्यांचे पॅड तापून दमतात, सिरॅमिकला त्याचं काही वाटत नाही. पण एकदाच, जीव खाऊन ब्रेक दाबायचा असेल, तर गाडी कुठे थांबणार ते टायर आणि रस्ता ठरवतात. चाकं अडवण्याइतकी ताकद साध्या ब्रेकमध्येही असते. गंमत म्हणजे ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणारे कित्येक जण सिरॅमिक डिस्क काढून घरी ठेवतात आणि बिडाच्या लावतात, कारण झिजल्या तर बदलायला परवडतात. ज्या कामासाठी घेतल्या त्याच कामापासून त्यांना जपायचं. आपल्याकडे पैठणीचं हेच होतं.

आता हे दोनशेचं प्रकरण चाकणला आणून बघा. संध्याकाळी पाळी सुटली आहे, तळेगाव चौकात कंटेनर, कंपनीच्या बस, कांद्याचे ट्रक आणि मध्ये घुसलेल्या दुचाक्या. ब्रेकवरचा पाय उचलायला सवड नाही, पण काटा दहाच्या पुढे जाईल तर शपथ! चाकण हे थांबवण्यात मुळातच पटाईत. 1660 मध्ये शाइस्ताखानाची अफाट फौज इथल्या चिमुकल्या संग्रामदुर्गापुढे फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने खोळंबून ठेवली. हल्ली हे काम चौक करतो, आणि त्याला फौज लागत नाही.

याच चाकणला ब्रेक बनतातही. फेरारीला सिरॅमिक ब्रेक पुरवणारी इटलीची ब्रेम्बो इथे मोटारसायकलींचे ब्रेक तयार करते आणि बायब्रे या तिच्या धाकट्या नावाचे ब्रेक चाकणच्याच बजाज कारखान्यातून निघणाऱ्या केटीएम ड्यूकला लागतात. घराणं फेरारीचं आणि नशिबी आंबेठाण चौक. मला हे ब्रेक जास्त कर्तबगार वाटतात. चिखल, खडी, ओलं डांबर आणि अचानक आडवा आलेला बैल हे सगळं त्यांच्या रोजच्या हजेरीत असतं.

बरं, चौकातून सुटलात तरी पुढे गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमात त्यांचं माप लिहिलेलं होतं: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, गाडी पंचवीसच्या वेगाने सुखात ओलांडावी असा गोल उतार. आमच्याकडचे गतिरोधक हा नियम वाचून बांधलेले नसावेत. ज्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर वर, तिला थांबवायला मग कार्बन लागत नाही. दोन घमेली डांबर पुरतं.

भोसरीत माझी जुनी गाडी ज्यांच्याकडे जाते त्या मिस्त्रींना मी हा सगळा सिरॅमिक महिमा ऐकवला. ते एका टेम्पोच्या ड्रममधून झिजलेलं लायनिंग काढत होते, रिव्हेट दिसायला लागेपर्यंत वापरलेलं. शांतपणे ऐकून घेतलं. वजन निम्मं म्हटल्यावर भुवया उंचावल्या, किंमत सांगितल्यावर हातातला पाना खाली ठेवला.

"काका, समजा तुम्ही घेतले ते ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी राहील, मान्य." मग ते लायनिंग माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "पण तुमच्या मागे हा टेम्पो असणार आहे. त्यालाच घेऊन द्या की!"