दुबईचे काका आणि कर्द्याचा डॉल्फिन

‘डॉल्फिन बघावा तर दुबईत,’ हे अंबरनाथचे काका कर्जतपासून पेणपर्यंत सांगत होते. तिथं सील नाकावर चेंडू तोलतो, डॉल्फिन उड्या मारतो आणि मुख्य म्हणजे खेळ ठरल्या मिनिटाला सुरू होतो. गाडीत सगळे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे. वेळेवर सुटणाऱ्या कशाचंही नाव निघालं की आम्ही हळवे होतो.

‘मग असं डॉल्फिनगृह आपल्याकडे का काढत नाहीत?’ मेहुण्यानं विचारलं. मेहुणा उल्हासनगरात जीन्सच्या धंद्यात. परदेशातली कुठलीही वस्तू कॅम्प पाचमध्ये निम्म्या भावात होते, ही त्याची श्रद्धा. म्हटलं, काढलं होतं. १९९८ साली चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले. काही महिन्यांत मेले. पुढं २०१३ साली केंद्र सरकारनंच राज्यांना कळवलं, डॉल्फिनगृहांना परवानगी देऊ नका. हा प्राणी फार बुद्धिमान आणि संवेदनशील आहे, कोंडू नये. काका माणगावपर्यंत गप्प राहिले. बहुधा दुबईच्या तिकिटाचे पैसे आठवत असावेत.

दापोलीजवळच्या कर्द्याला भल्या सकाळी होडीत बसलो. इथले डॉल्फिन पाठीवर कुबड असलेले, करडे, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहणारे. मासा नव्हे, पिलाला दूध पाजतात, श्वासाला वर येतात. झोपतात ते अर्ध्या मेंदूनं, उरलेला अर्धा जागा. यात बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर डुलक्या घेणाऱ्याला शिकण्यासारखं काही नाही.

‘किती वाजता येतो?’ काकांनी घड्याळ पुढं केलं.

‘त्याला विचारून सांगतो,’ म्हणत नाखव्यानं इंजिन बंद केलं.

मेहुण्यानं शिट्टी वाजवली. काकांनी दुबईच्या अनुभवावरून टाळ्या वाजवल्या. मावशींनी चकली टाकायला हात उचलला, तो नाखव्यानं वरच्या वर धरला. मग डाव्या अंगाला फुस्स झालं. एक कुबड वर आलं, चकाकलं, गेलं. उडी नाही, सलाम नाही. होडीतली पोरं मात्र किंचाळली, आणि काकाही. ते त्यांनी नंतर नाकारलं.

उतरताना मेहुणा हिशेबाला बसला. ‘नुसती पाठ दिसली. अर्धेच पैसे होतात.’

नाखवा म्हणाला, ‘बाकीचा अर्धा पाण्याखाली होता, साहेब. त्याचे तिथं उतरून द्या.’