पदवीधरांच्या यादीबाहेरचे

घाटकोपरला विद्यापीठ नाही असं म्हणणाऱ्याने सकाळी सव्वासातला स्टेशनच्या पुलावर उभं राहून दाखवावं. उभं राहता आलं तर! 2014 च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हापासून वर्सोवा-अंधेरीची गर्दी आणि कल्याण-कसाऱ्याची गर्दी याच पुलावर एकमेकींना भेटतात आणि सॅकांचे पट्टे एकमेकांत अडकतात. सोडवता सोडवता ओळखी होतात. काहींची लग्नंही झाली म्हणे.

पश्चिमेला स्टेशनसमोर झुनझुनवाला कॉलेज, 1963 सालचं. काढलं हिंदी विद्या प्रचार समितीने, शेजार सगळा गुजराती, आणि तिथे शिकलेला आमच्या भटवाडीतला मराठी मुलगा नोकरीचा अर्ज करतो इंग्रजीत. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं देणाऱ्यांनी इथे नुसता एक कटिंग चहा घेतला तरी पुरे. रुळांच्या पूर्वेला, दादरच्या दिशेने एक स्टेशन गेलं की सोमैयांचा पसारा. गावावरून कॉलेजला नाव पडलेलं आपण ऐकतो. साखरेच्या धंद्यातल्या करमशीभाई सोमैयांनी 1959 मध्ये विद्याविहार उभारलं आणि इथे उलट स्टेशनलाच ते नाव मिळालं. 2019 पासून सोमैयांचं विद्याविहार स्वतंत्र खासगी विद्यापीठ आहे. म्हणजे रुळांच्या एका अंगाला एक विद्यापीठ आणि दुसऱ्या अंगाला मुंबई विद्यापीठाचं कॉलेज. संध्याकाळी वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत मात्र दोन्ही विद्यापीठांचा अभ्यासक्रम एकच असतो. चीज डोसा, आणि पैसे कोण देणार यावर चर्चासत्र.

पण विद्यापीठ चालतं कोणाच्या जिवावर? माझं उत्तर तयार आहे. झेरॉक्सवाल्याच्या.

आमच्या ओळखीचा झेरॉक्सवाला दहावीपर्यंत शिकला. त्याच्या दुकानाची रुंदी मशीनपेक्षा वीतभर जास्त. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये तिथे जी शांतता आणि एकाग्रता दिसते ती ग्रंथालयात मी कधी पाहिली नाही. परवा एक मुलगा घामाघूम होऊन आला.

"शेठ, मॅक्रोच्या नोट्स?"

"सरांच्या की त्या टॉपर पोरीच्या?"

"सरांच्याच द्या ना."

"नको घेऊस. सर स्वतः काल तिच्या घेऊन गेले."

याला म्हणतात मूल्यमापन. त्यासाठी बंगळुरूच्या नॅकची समिती यावी लागत नाही. समिती यायची असली की कॉलेजात कुंड्या येतात, भिंतींना रंग लागतो, वर्षभर बंद असलेला कूलर अचानक गार पाणी देऊ लागतो. झेरॉक्सवाल्याच्या दुकानावर काहीच बदलत नाही. तो कुंड्यांच्या पावत्यांच्या प्रती तेवढ्या काढून देतो, तीन संचांत.

त्याच्या खालोखाल मान शिपाईमामांचा. भाचीला बोनाफाईड हवं होतं म्हणून मी सोबत गेलो (कॉलेजचं नाव सांगत नाही, तिचं टीवाय अजून व्हायचंय). खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "उद्या या." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काल का नाही आलात?" यावर उत्तर जगातल्या कुठल्याही तत्त्वज्ञानात नाही. शेवटी मामांनी डोळ्यांनीच बाकाकडे खूण केली, आत गेले आणि शिक्का मारलेला कागद घेऊन आले. वर भाचीला विचारलं, "ताई, फॉर्म परीक्षेचा भरलास का? लेट फी लागेल बघ शुक्रवारपासून." नोटीस लागली सोमवारी.

मामा कायम आहेत. तासिका तत्त्वावरचे सर कायम नाहीत. सर नेट आहेत, पीएचडी आहेत. सकाळी घाटकोपर, दुपारी मुलुंड, संध्याकाळी डोंबिवलीचा क्लास. त्यांना मिळतात ते तासाचे पैसे, त्यामुळे गणपतीची सुट्टी लागली की सगळं कॉलेज नाचतं आणि सर हिशेब करतात. मामा त्यांना चहा पाजतात, मायेने म्हणतात, "सर, डॉक्टर झालात, आता जाहिरात निघाली की भरून टाका." जाहिरात निघते तेव्हा मामांनाच आधी कळतं, हा भाग वेगळा.

विद्यार्थीही असतात. कसाऱ्याची मुलगी पहिल्या तासाला हजर आणि समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा डिफॉल्टर लिस्टमध्ये, हा नियम मी आजवर मोडलेला पाहिला नाही. हिंगवाला लेनचा पोरगा अकाउंट्सच्या तासाला बाकाखाली शेअरचे भाव पाहतो. सरांना ते माहीत असतं, तास संपल्यावर तेही हळूच विचारतात. मागच्या बाकावर डोकं टेकून झोपलेल्या मुलीला मात्र कुणी उठवत नाही. ती रात्रभर कॉल सेंटरला असते आणि तिच्या पगारावर घर चालतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 प्रमाणे अधिसभेत कुलपती म्हणजे राज्यपाल, मग कुलगुरू, प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक आणि निवडून आलेले दहा नोंदणीकृत पदवीधर. म्हणजे पंतनगरात निवांत बसलेला माझ्यासारखा माणूस, ज्याने पंचवीस-तीस वर्षांत पुस्तकावरची धूळ झटकलेली नाही, तो विद्यापीठाचा मतदार. रोज हजार पानं हाताखालून घालणारा झेरॉक्सवाला कोणीच नाही. 1857 पासून मुंबई विद्यापीठ चालू आहे; एवढ्या काळात एखादी जागा काढायला हरकत नव्हती. माझी मागणी साधी आहे. दहातल्या दोन जागा द्या. एक मामांना, एक शेठना. सभा वेळेवर सुरू होईल आणि इतिवृत्ताच्या प्रती कमी पडणार नाहीत.

तोवर आपण पदवीधरांनी तरी हातावर हात ठेवून बसू नये. मतदार म्हणून नाव आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो आणि सोबत पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. प्रत काढायला जाल तेव्हा सुटे पैसे घेऊन जा, शेठ त्या बाबतीत फार कडक आहेत.